सिमेंटच्या दोन गोण्या

साखरपुड्याच्या पंगतीत, श्रीखंडाची दुसरी वाटी पुढ्यात ओढत आमच्या साडूंनी निकाल देऊन टाकला : "पन्नास वर्षांपूर्वीची मोडकी गिटार, तीही बारा तारांची, तीही खर्डीसारख्या गावात! भंगारात पैसे घातलेत तुम्ही." पंगतीत उत्तर देणं बरं दिसत नाही. शिवाय साडूंशी घातलेला वाद दोन माणसांत राहत नाही, दोन घरांत जातो. म्हणून तिथं मी मठ्ठा वाढून घेतला आणि गप्प बसलो. उत्तर इथं देतो आहे.

साडू काही अडाणी माणूस नव्हेत. उभी हयात बांधकाम खात्यात पूल तपासण्यात गेली त्यांची. भार, ताण, तडा हे शब्द ते माझ्यापेक्षा जास्त जबाबदारीने वापरतात, म्हणूनच त्यांच्या तोंडचं 'भंगार' मला लागलं. आणि त्यांच्या बरोबर उलट टोकाला माझे मुंबईचे एक स्नेही आहेत, वाद्यांचे शौकीन. त्यांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. जुनं लाकूड म्हणजे काय सांगू, नव्या वाद्यांत तो आवाजच नाही, वगैरे. मग हळूच म्हणाले, "एवढंच वाईट झालं, की दुरुस्त केलेली आहे. हात न लागलेली मिळाली असती तर सोनं होतं." मला या दोघांचंही पटत नाही. खरं सांगायचं तर अभिनंदन करणाऱ्याचं जास्त पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की बारा तारांची गिटार घ्यायची तर ती एकदा वाकलेली, उघडलेली आणि जाणत्या हाताने पुन्हा सरळ केलेलीच घ्यावी. दुरुस्ती हे तिच्यातलं उणं नाही. मी जे २८ हजार रुपये मोजले त्यातले बहुतेक त्या दुरुस्तीचेच आहेत, आणि ते मी जाणूनबुजून मोजले.

आधी हे वाद्य मुळात काय आहे ते सांगतो, कारण पंगतीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, दुकानदाराने मला सहा तारा फुकट लावून दिल्या. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोड म्हणतो. दोन्ही षड्जाला लावलेल्या असतात, पण दोन तारा तंतोतंत कधीच जुळत नाहीत, आणि त्या केसभर फरकातून जो झुलता नाद उठतो तो एका तारेतून कितीही मारलं तरी निघत नाही. बारा तारांच्या गिटारीत अशा सहा जोड्या असतात. बारीक बाजूच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराला. जाड बाजूच्या चार जोड्यांत मात्र एक जाड तार आणि तिला खेटून एक सप्तक वर लावलेली बारीक तार. एका आघाताला दोन सप्तकं एकदम बोलतात. तंबोरा ज्याने मांडीवर घेतला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता साडूंच्या प्रांतात येतो. साध्या सहा तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. बारा तारा चढवल्या की तो शंभराच्या पलीकडे जातो. म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. त्या दांडीला तबलीकडे ओढत राहतात, दिवसा, रात्री, तुम्ही वाजवा नाहीतर खुंटीला टांगून ठेवा. आणि ही ओढ सोसायची कुणी? तबलीची फळी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा आधार. जाड केली तर वाद्य ठोकळ्यासारखं मुकं होतं, पातळ केली तर फाटतं. बनवणारा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा असतो आणि दर वेळी थोडी थोडी हार पत्करतो. वीस-तीस वर्षांत घोडीच्या मागे तबलीला पोट सुटतं. दांडी सांध्यात पुढे झुकते. तारा फ्रेटपासून, म्हणजे सतारीच्या भाषेत पडद्यांपासून, वर उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर जे अंतर दोन-अडीच मिलिमीटर असायचं ते चार होतं, पाच होतं, आणि मग वाजवणाऱ्याची बोटं सोलतात. तो गिटार कपाटावर टाकतो आणि म्हणतो, हल्ली वेळ मिळत नाही.

साडू, हा कुणा कंपनीचा गुन्हा नाही. ही त्या वाद्याची जातच आहे. जी वस्तू स्वतःच्याच ओढीने स्वतःला वाकवत असते तिच्याबद्दल विचारायचा प्रश्न 'नवी की जुनी' हा नाही. 'वाकून झाली आहे का, आणि सरळ कुणी केली' हा आहे. तुमच्या खात्यातला कुठला पूल तुम्ही बेअरिंग न बदलता, सांधे न भरता पन्नास वर्षं चालवलात? आणि बेअरिंग बदललेल्या पुलाला तुम्ही भंगार म्हणालात का कधी?

"नवी घ्यायची होती," हे त्यांचं पुढचं वाक्य. त्यात तथ्य आहे, आणि कुणाच्या शिकणाऱ्या मुलाने मला विचारलं तर मी त्याला नवीच घ्यायला सांगेन. तीही सहा तारांची, आणि थरांच्या लाकडाची, म्हणजे प्लायची. प्लायला लोक नाकं मुरडतात, पण आमच्या हवेत ती मुकाट्याने उभी राहते. पण ज्याला बाराच तारा हव्या आहेत त्याच्यासाठी नवीचा अर्थ एवढाच, की तिचं वाकणं अजून व्हायचं आहे. वॉरंटीचा कागद वर्ष-दोन वर्षांचा असतो आणि दांडी झुकते वीस वर्षांनी. माझ्या गिटारीतलं लाकूड जेवढं सरकायचं तेवढं सरकून बसलं आहे, आणि ते बसल्यानंतर तिच्या दांडीचा कोन नव्याने लावला आहे. घर बांधताना आपण पाया एक पावसाळा खाऊ देतो. तेच आहे हे.

आता माझ्या मुंबईच्या स्नेह्यांकडे वळतो. जुन्या लाकडाचा आवाज. हा विषय निघाला की माणसं डोळे मिटतात. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला संशोधक क्लोदिया फ्रित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हॉटेलातल्या खोलीत अंधार करून एकवीस कसलेल्या व्हायोलिनवादकांच्या हातात सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी आणि तीन जुन्या नामांकित कारागिरांची, दोन स्त्रादिवारीची, एक ग्वार्नेरीचं. वादकांच्या डोळ्यांवर गडद चश्मे. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला आणि सगळ्यात कमी एका स्त्रादिवारीला. गिटारीचंही तसंच. २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या, फरक फक्त पाठीच्या आणि कडेच्या लाकडाचा. बावन्न वादकांनी त्या न पाहता वाजवल्या. महागड्या लाकडाला कुणी ओळखून पसंती दिली नाही. शौकिनांना या गोष्टी सांगितल्या की ते म्हणतात, प्रयोगशाळेत संगीत कळत नाही. बरं. पण मग दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवरून तरी कसं कळतं?

तेव्हा माझी गिटार जुनी आहे म्हणून गोड वाजते, असं मी म्हणत नाही. ती कुठल्या कंपनीची हेही सांगत नाही, कारण नाव सांगितलं की सगळं बोलणं नावावर जातं. परदेशी आहे, बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणीतरी सत्तरच्या दशकात आणलेली आहे, आणि त्याच्या मागे घरच्यांनी ती विकली, एवढं पुरे.

या शौकिनांच्या 'हात न लागलेली' या वेडाचा मात्र मला मनापासून राग आहे. नाणी आणि टपालतिकिटं गोळा करण्याचा नियम त्यांनी वाद्यांना लावला. मूळ रोगण, मूळ खुंट्या, मूळ पेटी, सगळं जसंच्या तसं, म्हणून किंमत चौपट. मग ते वाद्य वाजेना का! बाराव्या पडद्यावर पाच मिलिमीटर उचललेल्या तारा घेऊन ते काचेमागे बसतं आणि मालक पाहुण्यांना दाखवतो. दांडी काढून पुन्हा बसवली, की यांच्या लेखी वाद्य बाटलं.

आपल्याकडे वाद्यांच्या बाबतीत हा सोवळेपणा कधी नव्हता. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या तबल्याची पुडी किती वेळा बदलली ते मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही सांगता येणार नाही. वाद्या बदलल्या, गठ्ठे बदलले. उरलं काय, तर लाकडाचं खोड. तरी तबला तोच, अमक्याच्या आजोबांनी दिलेला. सप्ताह जवळ आला की पेटीचा भाता तपासायचा, गळत असेल तिथे कातडं लावायचं, बसलेले सूर साफ करून आणायचे. पखवाजाला तर दर बैठकीला ओली कणीक. तंबोऱ्याचं बघा. तारा घासून घासून घोडीवर चरे पडतात, नाद मरतो, मग जवारी काढून घ्यावी लागते, आणि ती काढणारा हात गवयाला सख्ख्या भावापेक्षा जवळचा असतो. मिरजेत सतारमेकरांची घराणी एकोणिसाव्या शतकापासून हेच करत आली आहेत. हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे शिकलगार हात वाद्यांकडे वळले ती ही माणसं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरांत नव्या वाद्यांची छायाचित्रं आली. पण मिरजेच्या त्या गल्लीत नव्याबरोबर जुनी वाद्यंही भिंतीला टेकून असतात, कुणाचा भोपळा तडकलेला, कुणाची तबली बसलेली. जुना तंबोरा दुरुस्तीला आला तर आपण त्याला हात जोडतो, आणि गिटार आली की भंगार. हा न्याय कुठला?

आता जाहिरातीतल्या एका शब्दाबद्दल. मला ही गिटार विकणाऱ्या कारागिराने तो वापरला नाही, म्हणून तर मी त्याच्याकडून घेतली. पण एरवी जुनं वाद्य विकणारा प्रत्येक माणूस सांगतो, की 'प्रेमाने' दुरुस्त केलेलं आहे. प्रेमाचं मी काय करू? प्रेमाने भरभरून इपॉक्सी ओतलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत. प्रेमाने वरून जाड, चकचकीत रोगण मारून तडे झाकलेले पाहिले आहेत. सगळ्यात मोठी लबाडी तर अशी, की दांडी झुकली आहे पण तिला हात घालायचा नाही. घोडीवरची हाडाची पट्टी घासून घासून नखाएवढी करायची, म्हणजे तारा तेवढ्यापुरत्या खाली येतात. गिऱ्हाईक खूष. वर्षभराने पट्टी घासायला उरत नाही आणि रडण्याची पाळी येते.

तेव्हा प्रेम विचारू नका, पट्टी लावा. लोखंडी सरळ पट्टी पडद्यांवर लांबीत ठेवायची आणि तिचं टोक घोडीपर्यंत न्यायचं. टोक घोडीच्या लाकडाच्या माथ्याला टेकलं तर कोन ठीक आहे. घोडीच्या पोटात जाऊन आपटलं तर दांडी गेलेली आहे, मग विकणारा काहीही म्हणो. नंतर हात आत घालायचा, तबलीच्या आतल्या पट्ट्या बोटांनी चाचपायच्या, एखादी सुटलेली असेल तर ती दाबल्यावर हलते. छोटा आरसा नि बॅटरी नेली तर उत्तम. बाहेरून बोटाने टकटक करत जायचं. सुटलेल्या जागी लाकूड फुटक्या मडक्यासारखं बोलतं. कुंभाराकडे माठ घेताना आपली आई हेच करत होती.

माझ्या कारागिराने काय केलं ते त्याने मला ओळीने सांगितलं, प्रेमाचा उल्लेख न करता. कल्याणच्या अलीकडे एका चाळीत त्याची दहा बाय बाराची खोली आहे. नाव छापू नका म्हणाला, कारण कामं आधीच डोक्यावरून गेली आहेत. पंधराव्या पडद्याची पट्टी उपटून त्या खाचेत त्याने बारीक भोक पाडलं आणि प्रेशर कुकरला जोडलेल्या नळीने आत वाफ सोडली. जुन्या काळी सांधा सरसाने जोडायचे. आपल्या सुतारांचा जुना सरस तोच, कातड्या-हाडांचा. वाफ आणि उष्णता मिळाली की तो सुटतो. दांडी अखंड बाहेर येते, लाकडाला इजा न होता. सरसाची थोरवी हीच, की तो धरतो घट्ट आणि सांगितल्यावर सोडतो. इपॉक्सी सोडत नाही. इपॉक्सी लावणारा माणूस पुढच्या कारागिराचे हात बांधून ठेवतो. मग दांडीची टाच पटाशीने तासायची, एका वेळी कागदाएवढी. बसवून बघायची, पट्टी लावायची, परत काढायची, परत तासायची. या एका कामाला त्याचे चार रविवार गेले. तबलीला दोन तडे होते, त्यांना आतून लाकडाची चौकोनी ठिगळं लावली, रेषा आडव्या येतील अशी. घोडी काढून तिच्याखालची जागा साफ करून पुन्हा चिकटवली. सुटलेल्या तीन पट्ट्या बसवल्या. पडदे नवे घातले. रोगणाला हात लावला नाही, कोपरे उडालेले आहेत ते तसेच आहेत.

अशा कामाला आपल्याकडे भाव नाही. गाडीचा मेकॅनिक तासाचे पैसे मागतो आणि आपण देतो. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने मागितले की आपण म्हणतो, एवढ्यात नवीन येईल. यामाहा कंपनीची सुरुवात कशी झाली हे साडूंना माहीत नसेल. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सूच्या एका शाळेतला ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करायला तोराकुसू यामाहा नावाच्या माणसाला बोलावलं. तो उघडताना त्याला वाटलं, हे आपणही बनवू शकू. त्या शाळेने 'एवढ्यात नवीन येईल' म्हटलं असतं तर?

आता साडूंचा भावनिक मुद्दा : हे आपलं वाद्य नव्हे. आपल्या भागातल्या माणसाने आपलं काही वाजवावं. हे बोलताना मागे पेटीवर नाट्यगीत चाललं होतं. पेटी! १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जिचं पेटंट घेतलं गेलं ती. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं जिला भारतीय संगीताला नालायक म्हणून दाराबाहेर ठेवलं ती. तिच्याशिवाय आज भजनाला सूर सापडत नाही आणि ती परकी असल्याचं कुणाच्या ध्यानीमनी नाही. इथलंच म्हणायचं तर तारपा आहे, सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, मेणाने सांधलेला. तो वाजवायला दमसास लागतो, तो माझ्यात नाही, आणि वारली वस्तीत जन्मभर तो ऐकत वाढलेल्या माणसापुढे मी तो हातात धरणं हा आगाऊपणा होईल. आपलं वाद्य म्हणजे कुणाचं, हेही साडूंनी एकदा ठरवावं.

लाकडाचं बोलायचं तर मामला आणखी गमतीचा आहे. १८३३पासून गिटारी बनवणारी अमेरिकेतली मार्टिन कंपनी पाठीला आणि कडांना ब्राझीलचं रोझवूड वापरायची. १९६९ साली तिने ते सोडून भारतातलं घेतलं. भारतातलं म्हणजे काय? शिसव. आपल्या आजीच्या पलंगाचं, देव्हाऱ्याचं शिसव. पुढे १९९२पासून ब्राझीलच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद झाला आणि जगभरच्या कितीतरी चांगल्या गिटारींच्या पाठी आमच्या शिसवीच्या झाल्या. जुन्या वाद्यांना चढवतात ती लाख आपल्याकडच्या पळसा-कुसुमावरच्या किड्यांची. शहापूरच्या रानात फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा मला आता वेगळंच काही आठवतं. तेव्हा माझ्या हातातली वस्तू परकी आहे हे मान्य, पण तिची पाठ आपल्या नात्यातली आहे.

"हा शहरी श्रीमंतांचा शौक," असंही कुणीसं म्हणालं, साडू नव्हेत. त्यांना लेडबेली माहीत नसावा. अमेरिकेच्या दक्षिणेतला काळा मजूर, कापूस वेचणारा. १९३३ साली लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात जॉन आणि अॅलन लोमॅक्स या बापलेकांनी त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच्या हातात स्टेला नावाची स्वस्तातली बारा तारांची गिटार असायची. बारा तारा कशासाठी, तर दारूच्या गुत्त्यात, नाचाच्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून. ब्लाइंड विली मॅक्टेल हाही बारा तारांवाला, आंधळा, रस्त्यावर गाणारा. हे वाद्य दिवाणखान्यातलं कधी नव्हतंच. आणि लेडबेली आपल्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच उतरवून लावायचा. आवाज भरदार व्हायचा आणि वाद्यावरचा ताणही कमी व्हायचा. हे ध्यानात ठेवा, कारण आता पाऊस येतो आहे.

पाऊस हा साडूंचा सगळ्यात जड मुद्दा : आमच्या हवेत जुनी गिटार टिकायची नाही. तो मी हसण्यावारी नेणार नाही. आमचा शहापूर तालुका तानसा, वैतरणा, भातसा भरून मुंबईला पाणी पाजतो आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. नळाला पाणी नसेल, पण जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरपूर असतं. चपला हिरव्या होतात, पापड लवतात, दारं चौकटीत अडकतात. लाकूड फुगतं, तबलीचं पोट वर येतं, तारा उचलतात. गिटारीला चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता मानवते. श्रावणात खर्डीत ती नव्वदच्या आसपास असते. हे सगळं खरं आहे. फक्त यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. कारण हीच हवा नव्या गिटारीलाही लागते. पाऊस गिटारीच्या जन्मतारखेची चौकशी करत नाही.

उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. गिटार भिंतीला टांगायची नाही, पेटीत ठेवायची. पेटीत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे दाणे गुलाबी झाले की बाजूला काढलेल्या जुन्या तव्यावर परत निळे करायचे. एक आर्द्रतामापक. आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवायच्या. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो, साडू, हे तुम्हीच मला सांगितलं असतंत. एक स्वर उतरवला की ताण वीस टक्क्यांनी कमी होतो. दोन गोण्यांतली अर्धी गोणी उतरली म्हणा ना. मूळ पट्टी हवी असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा.

पाऊस गिटारीला फुगवतो, पण तिचा खरा वैरी मे महिना आहे. पत्र्याखालची खोली आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी. तिथे सरस मऊ होतो आणि सांधा हळूच सरकतो. म्हणून ती मी कल्याणहून गाडीने आणली नाही, कसारा लोकलने आणली. मालडब्यात, दुधाचे रिकामे कॅन आणि भाजीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये. आसनगावला एका बाईने विचारलं, "दादा, सतार का?" मी म्हटलं, तिच्या लांबच्या नात्यातली. ती म्हणाली, मग जपून न्या. पाटी सरकवून तिने जागा करून दिली.

राहता राहिला विकण्याचा प्रश्न. साडूंनी विचारलं, उद्या विकायला काढलीत तर किती येतील? कमी येतील. शौकीन म्हणतील दुरुस्त केलेली आहे, बाकीचे म्हणतील जुनी आहे, आणि मला कदाचित निम्मेही मिळणार नाहीत. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी मांडवावर जे खर्च केले त्यातलं विकायला काढल्यावर किती येईल, हे मी त्यांना विचारलं नाही. नातं टिकवायचं असतं.

एका ठिकाणी मात्र ते बरोबर निघाले आणि ते छापून मान्य करतो. पंगतीतून उठता उठता त्यांनी विचारलं होतं, "तारा तुटल्या तर खर्डीत कुठे मिळणार?" मी म्हटलं होतं, तुटत नाहीत हो एवढ्यात. आता, बारा तारांतली सगळ्यात उंच लागणारी तार टोकाची नसते, मधल्या एका जोडीतली असते, 'जी' (G) या स्वराची, सप्तक वरची, दोऱ्याएवढी बारीक. बारा तारांवाल्यांत ती तुटण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. गेल्या आठवड्यात ती तुटली. शहापुरात विचारलं, सहा तारांचा संच मिळाला. सुटी तार हवी तर दादरला जा म्हणाले. म्हणजे एका तारेसाठी जाऊन-येऊन अख्खा दिवस. रविवारी जाईन म्हणतो आहे. तूर्तास अकरा तारांवर चाललं आहे, आणि साडूंना हे कळलेलं नाही.